फ्लेक्सवरची हुशारी

हसायचं तर खुशाल हसा, पण हातातला चहा सांभाळा. बहिणीची बाजू घ्यायला गेलो आणि मीच तिला चव्हाट्यावर आणलं!

आमची स्वप्नाली रत्नागिरीत इंजिनिअरिंगला लागली. राखीव जागेवर. मी नववीत शाळा सोडलेला, एमआयडीसीत पॅकिंगला. माझी छाती किती फुगली असेल!

तर स्टॉपवरचे टपरीवाले दत्ताकाका म्हणतात कसे, "कोट्यातून मिळाली असेल, नाय रे?"

मला तोंडावर बोलता येत नाही. बोलायच्या आधी कान लाल होतात. मग आपल्याकडे असा माणूस काय करतो? फ्लेक्स लावतो!

चांगला दहा फुटी, स्टॉपवरच, टपरीसमोर. तिचा फोटो, कडेला गुलाब, खाली ठळक अक्षरांत: 'सवलतीवर नाही, स्वतःच्या हुशारीवर!'

खोटं होतं? होतंच. पण दत्ताकाका गप्प झाले ना!

आता कॉलेजची एसटी त्याच स्टॉपवर थांबते, आत तिच्या वर्गातली मुलं असतात, हे मला सुचायला नको?

संध्याकाळी स्वप्नालीने बॅग आपटली. "दादा, नाझिया माझ्याशी बोलत नाय."

"कोण नाझिया?"

"माझ्या बाकावरची. तीपण राखीव जागेवर आलीय. म्हणते, तू हुशारीवर, मग आम्ही काय ढ? बाकीचे म्हणतात, ही लपवते!"

"अगो, तुला कोणी बोलू नये म्हणून..."

"बोलले होते की पहिल्याच आठवड्यात. मी म्हटलं, हो, राखीव जागा आहे. आणि अभ्यासाला बसले. लाज मला नाय वाटली दादा, तुला वाटली."

नववीत सर वर्गात म्हणायचे, "सवलतवाले, हात वर करा." सगळा वर्ग मागे वळून बघायचा. एक दिवस मी शाळेत गेलोच नाही. घरी सांगितलं, अभ्यास झेपत नाही.

सकाळी फ्लेक्स उतरवला. शिडी धरली दत्ताकाकांनीच. "मेल्या, फोटो तरी ठेव!"

एसटी आली. खिडकीखाली उभा राहून नाझियाची माफी मागितली. कान लालभडक! ती म्हणाली, "पुढच्या वेळी माझापण फोटो टाका." आणि सरकून स्वप्नालीला जागा दिली.

यंदा स्वप्नालीने मला बाहेरून दहावीला बसवलंय. फी भरायला गेलो, तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "सवलत आहे का?"

मी झटकन हात वर केला. उंच!

खिडकीसमोर मी एकटाच होतो.

बाई म्हणाल्या, "अहो, तोंडानं सांगितलंत तरी चालेल."