न दुखणारी सायकल

शिवलीला चाळिशी उलटल्यावर सायकल चालवायला लागली. जुळे सोलापुरातल्या तिच्या सोसायटीत सगळ्या बायकांकडे स्कूटी होती, तशी तिच्याकडेही होती. पण एकदा ती महिनाभर बंद पडली, तेव्हा मुलीची जुनी सायकल पुसून ती शाळेला गेली आणि मग स्कूटी दुरुस्त झाली तरी तिला हात लावावासा वाटेना. भवानी पेठेतल्या मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची. विजापूर रोडनं सात रस्ता, तिथून रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत पेठेत. साडीवर जमेना म्हणून पंजाबी ड्रेस घालायला लागली. मुख्याध्यापिकांनी भुवया उंचावल्या, तेव्हा "मग तुम्ही येता का रोज मला सोडायला?" असं हसत विचारून तिनं तो विषय मिटवला.

नवरा गुरुलिंग. त्याचं चादरी-टॉवेलांचं दुकान. त्याला हे खूळ वाटायचं. "पडलीस-बिडलीस तर कोण बघणार गं? पोरगी पुण्यात, मी दुकानात." पण रविवारी ती तुळजापूरला जाऊन दुपारच्या आत परत आली, की तोच गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या घरात घाट चढून आलेली बाई हाय बरं का."

तिच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. तिचं माहेर विजापूरचं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून एसटीच्या खिडकीतून तो रस्ता तिनं पाहिला होता. तेरा मैल नावाचा फाटा, टाकळी, भीमेचा पूल, मग कर्नाटक. एकदा हा रस्ता आपल्या पायांनी तोडायचा, भाऊ शरणप्पाच्या दारात सायकल लावायची, त्याच्या बायकोच्या हातची भाकरी खायची आणि दुसऱ्या दिवशी पेडल मारत परत यायचं. शरणप्पाला तिनं फोनवर सांगितलंही होतं. तो हसला होता, "ये की अक्का, हार घेऊन उभा राहतो वेशीत."

जुनी सायकल त्या कामाची नव्हती. जड, जाड चाकांची, सरळ हँडलची. तीन तास चालवली की मान आखडायची आणि मनगटं भरून यायची. शिवाय अलीकडे उजवा हात कुरबुर करायला लागला होता. ब्रेक दाबताना बोटं उशिरा वळायची. सायकल बदलायला हवी, हे तिनं तेव्हाच पक्कं केलं.

सायकलींच्या दुकानाचा मालक अद्वैत तिच्या रविवारच्या सायकल ग्रुपमधलाच. त्यानं तिला आधी एक शर्यतीची सायकल दिली. कागदासारखी हलकी. पण तिच्यावर धनुष्यासारखं वाकून बसावं लागे. सैफुलपर्यंत जाऊन येईस्तोवर शिवलीलाच्या मानेला रग लागली.

"ही शर्यतीवाल्यांची, मॅडम," अद्वैत म्हणाला. "तुम्हाला पळायचं नाही, टिकायचंय. हँडल थोडं उंच आणि जवळ हवं. टायर जरा रुंद, त्यात हवा बेतानं. म्हणजे खड्ड्यातला दणका मनगटापर्यंत येत नाही. आणि शाळेची बॅग लावायला मागं कॅरिअर."

"आणि सीट मऊ बघा."

"मऊ नको. मऊ सीटवर पहिला तास बरं वाटतं, नंतर नको होतं. तुमच्या हाडांच्या मापाची हवी."

तिला हे सगळं आवडलं. एखादं गणित मांडावं तसं होतं, एक एक अट घालायची आणि उरतं ते उत्तर. दर शनिवारी शाळा सुटली की ती दुकानात जायची. कधी ही चौकट, कधी ती. शेवटी पोलादी चौकटीची, गडद निळी, वाकड्या हँडलची एक सायकल उरली. अद्वैतनं तिला भिंतीला टेकवून बसवलं, गुडघा किती वाकतो ते पाहिलं, सीट वर-खाली केली, हँडलचा दांडा बदलून आखूड बसवला. शिवलीला रस्त्यावर एक चक्कर मारून आली, तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. पाठ सैल, मान मोकळी, खांदे खाली. सायकल आपल्याला उचलून नेतेय असं वाटलं.

फक्त उजवीकडचा गिअर पडत नव्हता. ब्रेकच्या मुठीलाच गिअरची पट्टी होती, ती बोटानं आत ढकलायची. डावीकडची सहज ढकलली जायची. उजवीकडे तिला सगळा हात लावावा लागला.

"हा लई घट्ट आहे का हो?"

अद्वैतनं एका बोटानं ढकलून पाहिला. "नाही की. मुंग्या येतात का हाताला?"

"नाही. मुंग्या नाहीत, दुखतही नाही. नुसता ऐकत नाही."

"तळहातावर भार पडून नस दबते. बऱ्याच जणांना होतं. नवीन सायकलवर भार कमी पडेल, जाईल आपोआप."

त्यानं मूठ आणखी जवळ आणली, हँडलवर जाड पट्टी गुंडाळली, गादीचे हातमोजे दिले. शिवलीलाला ते पटलं. पटायलाच हवं होतं. दुखण्याला कारण मिळालं आणि त्यावर उपायही मिळाला, याहून माणसाला काय हवं?

पावसाळाभर ती त्या निळ्या सायकलवरून शाळेत गेली. मान दुखायची थांबली. मनगटं भरून यायची थांबली. आणि हात मात्र रोज थोडा थोडा जात राहिला.

वर्गात फळ्यावर लिहिताना खडू सुटून पडायला लागला. पहिल्यांदा मुली हसल्या, नंतर हसेनाशा झाल्या. पहिल्या बाकावरची मुलगी न सांगता उठून खडू उचलून द्यायची. घरी भाकरी थापताना पीठ हाताखाली फिरेना. गुरुलिंगनं एकदा ताटातली भाकरी उलटून पाहिली.

"हल्ली जाड व्हायल्यात."

"सायकलनं हात अवघडतोय. थोडे दिवस बंद ठेवते."

आणि तिनं खरंच ठेवली. दिवाळीच्या सुट्टीत सायकल गॅलरीत उभी राहिली, तिनं हाताला शेक दिला, तेल लावलं. सुट्टी संपता संपता एका दुपारी साडीची पिन लावताना तिनं हात उजेडात धरला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसाचा उंचवटा नव्हता. तिथं खळगा पडला होता. आणि दंडाच्या कातडीखाली काहीतरी आपोआप फडफडत होतं, तिनं न हलवता. ती पिन हातात धरून तशीच बसून राहिली. सायकल बंद होती आणि हात वाढत्या वेगानं जात होता. म्हणजे गुन्हा सायकलचा नव्हता. आपण चुकीचं गणित सोडवत होतो, हे तिला त्या दुपारी कळलं.

मेंदूच्या डॉक्टरांनी सुया टोचून नसांची तपासणी केली, मानेचा फोटो काढला. मग आणखी एका मोठ्या डॉक्टरांकडे पुण्याला पाठवलं. लेक संस्कृती सुट्टी काढून बरोबर आली. त्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. स्नायू चालवणाऱ्या नसा मरत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. स्पर्श कळत राहतो. डोकं शाबूत राहतं. औषधानं वेग थोडा कमी होतो, थांबत नाही.

"सायकलमुळे?" गुरुलिंगनं विचारलं.

"नाही. कशामुळे, ते आम्हालाही सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर संस्कृती भिंतीला टेकून रडली. गुरुलिंग चहा आणायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. शिवलीलाला रडू आलं नाही. तिच्या मनात एकच विचार फिरत होता, पाय अजून आहेत.

सोलापूरला आल्यावर तिनं कुणाशी त्यावर बोलणं टाळलं. शाळेत सांगितलं, मानेची नस आहे. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितलं होतं. तिनं मान डोलावली होती. आणि मग थंडीतल्या एका रविवारी, गुरुलिंग अंघोळीला गेलेला असताना, तिनं सायकल खाली उतरवली. डोक्यावर हेल्मेट घातलं. त्याचा पट्टा डाव्या हातानं आणि दातांनी कसाबसा अडकवला. निघाली ती विजापूरच्या दिशेनं.

रस्ता तसा सपाट, वारा पाठीला. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवली होती. सायकल अशी चालली की तिला स्वतःचाच राग आला, हे आधीच का केलं नाही? तेरा मैल मागं पडलं. पायांत ताकद होती, छातीत दम होता. घरून फोन येत होते; तिनं फोन काढला नाही, काढता आलाही नसता. भीमेचा पूल आला. पाणी निळं, संथ. पूल ओलांडला तेव्हा दुकानांच्या पाट्या कन्नड झाल्या.

पुढं एक छोटा उतार होता. समोरून उसाची ट्रॉली वळत होती. तिनं ब्रेक दाबला. उजवा हात मुठीवर नुसता पडून राहिला. डाव्या हातानं दाबला तशी सायकल डगमगली. उजवा हात हँडलवरून सुटला आणि ती कडेच्या मातीत जाऊन आडवी झाली. लागलं फारसं नाही. गुडघा खरचटला. पण उठायला जमिनीवर हात टेकवला आणि तो दुमडला. पुन्हा टेकवला, पुन्हा दुमडला. ती तशीच पालथी पडून राहिली, तोंडात माती.

जवळच्या शेतात एक म्हातारी निंदत होती. खुरपं टाकून धावत आली.

"येनाय्त अक्का?" काय झालं, म्हणून तिनं विचारलं आणि काखेत हात घालून शिवलीलाला उठवून बांधावर बसवलं. सुंदरम्मा तिचं नाव. तिनं पाणी आणलं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला होता, गळा दाबत होता. शिवलीला डाव्या बोटांनी चाप चाचपत राहिली. तो सुटेना. सुंदरम्मानं थोडा वेळ पाहिलं, मग पुढं झाली आणि लहान पोरीचं कुंचडं सोडावं तसा तो पट्टा सोडला, तोंडावरची माती पदरानं पुसली.

शिवलीला तेव्हा रडली. पुण्याच्या दवाखान्यात राहिलेलं सगळं रडली. सुंदरम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत कन्नडमध्ये म्हणत राहिली, "होईल बरं, आई, होईल बरं." शिवलीलाला कन्नड कळत होतं. तेच तर सहन होत नव्हतं.

सुंदरम्मानंच फोन लावला. गुरुलिंग दुकानाचा टेम्पो घेऊन आला. तो रागावला नाही. उतरून आधी सायकल उभी केली, साखळी नीट बसवली, चादरींचे गठ्ठे बांधायच्या दोरीनं मागं आवळून बांधली. सुंदरम्मापुढं हात जोडले. मग शिवलीलाला पुढं बसवलं.

"मला सांगितलं असतंस तर टेम्पो घेऊन मागं मागं आलो असतो की," पूल ओलांडल्यावर तो म्हणाला.

"तुम्ही येऊ दिलं नसतं."

"व्हय. नसतंच दिलं." त्यानं आरशातून मागं बांधलेल्या सायकलीकडं पाहिलं. "कशी हाय गाडी?"

"चांगली आहे हो," ती म्हणाली. "एवढी लांब आले, पण कुठंच दुखलं नाही."

गुरुलिंगनं टेम्पो कडेला घेतला. स्टिअरिंगवर डोकं ठेवून तो रडत राहिला. तिला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता. हात त्याच्या बाजूचाच होता, उजवा. तो उचलला गेला नाही.

संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत डाव्या हाताची बोटंही वाकडी झाली. उन्हाळ्यात तिनं नोकरी सोडली. अर्जावर तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला, तो गुरुलिंगनं तिचा हात धरून उमटवला. गणिताच्या बाईंचा अंगठा पाहून कारकुनानं मान वर केली नाही. सायकल अद्वैत घेऊन गेला. तिच्या मापाचं गिऱ्हाईक अजून त्याला मिळालेलं नाही.

आता तिचं बोलणंही जड झालंय. विजापूरहून शरणप्पाचा फोन येतो, तेव्हा गुरुलिंग तो तिच्या कानाशी धरतो. तिचं कन्नड भावाला कळत नाही, शब्द एकमेकांत मिसळतात. मग ती मराठीत गुरुलिंगला सांगते, आणि तो आपल्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये तिचं म्हणणं तिच्या भावाला पोचवतो. शरणप्पा दर वेळी विचारतो, "गाडी पाठवू का अक्का? चार दिवस येऊन राहा."

"ब्याड," ती म्हणते. नको.

तेवढा एक शब्द त्याला अजून कळतो.