चिकटून बसलेल्या पेशी

दिग्रसच्या बसस्टँडवर यवतमाळची गाडी लागली, तेव्हा बाबांनी माझी बॅग आत ठेवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तिथं काही पटलं नाही त बोलजो. चूप राहू नको."  आईची धाकटी बहीण, माझी नंदा मावशी, रक्ताच्या कर्करोगाने गेली त्याला वर्षही झालं नव्हतं. औषधाने ती बरी झाली होती, आणि आजार परत आला. तो का परततो, हे शिकायला मी जर्मनीला निघाले होते.

तिथल्या लॅबमध्ये आम्ही अतिसूक्ष्म कण बनवायचो. ते कर्करोगाच्या पेशीत शिरून तिला वाढवणारा जनुक गप्प करतात, म्हणजे त्याचं काम थांबवतात. द्रवात तरंगणाऱ्या पेशींवर ते छान चालायचे, सगळे खूश. मला मात्र मावशीचे रिपोर्ट आठवायचे. रक्त साफ, पण हाडांच्या आतल्या मज्जेत पेशी शिल्लक. तिथे त्या तरंगत नाहीत, चिकटून बसतात.

एका मीटिंगमध्ये मोडक्या जर्मनमध्ये मी हे बोलले. लॅबच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "करून दाखव."

पेशी वाढवायच्या प्रयोगाच्या बशीच्या तळाला प्रथिनाचा थर दिला. पेशी चिकटल्या, आणि आमचे कण सपशेल हरले. सहकाऱ्यांचे चेहरे उतरले. एकाने तर माझ्याशी बोलणंच टाकलं. मी हिवाळाभर कणांवरचं आवरण बदलत राहिले. मग एका मंगळवारी सकाळी चिकटलेल्या पेशींतही जनुक गप्प झालेला दिसला. मी प्रयोग तीनदा केला. तिन्ही वेळा तेच.

निकाल पाहून बाई उठून उभ्या राहिल्या. "तू विचारलं नसतंस, तर आपण चुकीच्या बशीत जिंकत राहिलो असतो."

आईला फोन केला. "नंदा मावशीच्या हाडात लपून राह्यल्या होत्या ना, तशा पेशीयलेही आम्ही गाठलं. सध्या फक्त बशीत. माणसापर्यंत जायले लय वेळ हाये."

 ती म्हणाली, "नंदाले उशीर झाला. कोणाले तरी होणार नाही." आणि लगेच, "शेजारी सांगू का?"

"सांग."

यंदा आठ दिवस दिग्रसला गेले. सहाव्या दिवशी सहज बोलून गेले, "आता घरी जाऊन पुढचे प्रयोग लावायचे आहेत." जीभ चावली. आई भाकरी थापत होती, तिने मानही वर केली नाही.

"जा ना. तेही तुयच घर हाये. कमावलं हाये तूनं."