फोडांचा पुरावा

अंगावरचे फोड कलेक्टरला दाखवायचे म्हणून जपून ठेवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. माझ्या आत्याचे यजमान, आमचे मामा. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून निघालेला एकही मोर्चा त्यांच्या आवाजाशिवाय हलला नाही. आम्ही पोरं पत्रकं वाटायचो. मामा तीच पत्रकं एसटीत, रसवंतीवर वाचायचे; एकदा तर मंगलाष्टकं संपताच माइक हिसकावून वाचली. जेवताना मीठसुद्धा घोषणेच्या चालीवर मागायचे.

दुष्काळात गल्लीला टँकरचं पिवळं पाणी आलं. लोकांना खाज सुटली आणि मामांच्या पाठीवर फोड उठले. त्यांना आनंदच झाला. "हा बघ पुरावा!" म्हणत रस्त्यात सदरा वर करायचे. आत्या मलम घेऊन मागे धावली की ओरडायचे, "पुरावा नष्ट करू नकोस!" मग तोंडात जखमा झाल्या. दुधात कुस्करलेली भाकरीही गिळवेना. पाठ सोलल्यासारखी दिसायला लागली, तशी मला धडकी भरली. "कलेक्टर सायेब पाणी बघाया येनार हायेत. तवर औषध न्हाई," हे त्यांचं पालुपद. कलेक्टर आलेच नाहीत. शेवटी आत्यानं पिशवी भरली आणि मला म्हणाली, "चल, ह्यांना उचल."

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी फोडाशेजारच्या कातडीचा तुकडा आणि रक्त तपासायला पाठवलं. अहवाल येईपर्यंत टँकर दारात उभा राहिला तरी काळजीत बुडालेली आत्या घागर घेऊन उठायची नाही.

"काका, एरवी जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं तुमच्या रक्तात तुमच्याच कातडीविरुद्ध उठलेली निघालीत," अहवाल वाचून बाई म्हणाल्या. "कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा सांधाच ती तोडतात. म्हणून हे फोड. आणखी उशीर केलात तर जिवावर बेतेल."

मामांचा चेहरा पडला, पण जिवाच्या भीतीनं नव्हे. "म्हंजे पाणी चांगलंच हाय म्हणतील की वो, बाई! सगळी गल्ली खोटी पडंल."

"तुमचं रक्त तुमच्यापुरतं सांगतं. गल्लीची खाज कशानं, ते पाणी तपासल्यावर कळेल."

मामांनी सदरा खाली ओढला. मग हळूच म्हणाले, "गोळी उपाशीपोटी घ्यायची का जेवून?"

आता फोड सुकलेत. गोळ्यांनी चेहरा सुजलाय, संसर्ग नको म्हणून गर्दीत जायला मनाई आहे. मोर्चा जातो तेव्हा ते खिडकीत बसून नुसते ओठ हलवतात. ते बघवत नाही.

तुमच्या घरी कुणाच्या तोंडातल्या जखमा भरत नसतील, अंगावर फोड उठत असतील, तर उष्णता म्हणून सोडून देऊ नका. त्वचेच्या डॉक्टरकडे न्या, सांगतील ती तपासणी करा. आणि टँकरच्या पाण्याची बाटली मी भरून ठेवलीय. सरकारी प्रयोगशाळेत तपासायला द्यायला एकटा गेलो तर दारातूनच परत पाठवतात. तुम्ही सोबत या.