पट्टा सैल करू नका

त्या पावसाळ्यात मी पुण्याजवळच्या एका इंजिनिअर युनिटमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. हवालदाराच्या फिती नुकत्याच लागल्या होत्या. नर्सिंग असिस्टंट म्हणजे डॉक्टर नव्हे. कोरेगावात आमच्या गल्लीत मला आजही ‘मिलिटरीतला कंपाउंडर’ म्हणतात आणि गुडघे दाखवायला येतात. आमचं खरं काम एवढंच, की जखमी माणूस डॉक्टरपर्यंत जिवंत पोचला पाहिजे. बाकी सगळं डॉक्टरचं.

कृष्णेला पूर आला आणि आमचा कॉलम, म्हणजे बचावाची तुकडी, सांगलीकडे निघाला. दुसऱ्या राज्यांतली पोरं नकाशा बघत होती. मी आणि नाईक महेश साळुंखे, आम्हाला नकाशाची गरज नव्हती. साळुंखे विट्याचा. त्याचे चुलते, भाऊ, मेहुणे सगळे सोनं गाळायच्या धंद्यात, कुणी कोचीनला तर कुणी कलकत्त्याला. हा एकटाच फौजेत. “घरातलं सगळं सोनं बाहेर गेलं, मी तेवढा पितळ राहिलो,” असं तोच सांगायचा. बोट चालवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

पहिले दोन दिवस काम नेहमीचं. माणसं काढायची, काठावर सोडायची, परत जायचं. म्हशीशिवाय न येणारे, देवघरातली पेटी विसरले म्हणून अर्ध्यातून बोट वळवायला लावणारे, सगळे भेटले. साळुंखे कुणावर चिडायचा नाही. मी चिडायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नदीकाठच्या एका गावात होतो. दादासो पाटलांच्या माडीवर वीसेक माणसं अडकली होती. आम्हा दोघांना तिथं उतरवून दुसरा जवान बोटीतून पहिला लोड घेऊन गेला. शेजारच्या घरातून कुणीतरी हाक मारत होतं. साळुंखे दोर कमरेला बांधून छातीएवढ्या पाण्यात उतरला. पाण्याखाली गोठ्याचा पत्रा उचकटून उभा राहिला होता. तो मांडीच्या आतल्या बाजूला लागला.

आम्ही दोर ओढून त्याला माडीवर घेतलं. रक्त उसळी मारून येत होतं, लालभडक. तिथून मोठी धमनी जाते. ती तुटली तर माणसाकडे फार वेळ नसतो. मी जखमेच्या वर, मांडीच्या मुळाशी टूर्निके बांधला. टूर्निके म्हणजे रुंद पट्टा आणि तो पिळायची दांडी. रक्त थांबेपर्यंत पिळला. साळुंखे ओरडला. हा पट्टा दुखतोच. दुखत नसेल तर बहुतेक वेळा तो नीट बसलेला नसतो.

मी वायरलेस उचलला. “टायगर, अल्फा बोलतोय. आपली एक कॅज्युअल्टी, प्रायोरिटी वन. मांडीची धमनी. बोट लगेच. ओव्हर.”

“अल्फा, बोट लोड उतरवतेय. निघतेच. ओव्हर.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली. साखरेचा आजार असलेले एक आजोबा, सकाळची गोळी घेतलेली पण पोटात काही नाही, साखर उतरून बेशुद्ध पडत चालले होते. साळुंखेचं रक्त थांबलं होतं. मी दादासोंच्या बायकोला, सुलोचनाक्कांना, त्याच्याजवळ बसवलं. पाटील जैन घरातले, शेतकरी. अक्का मुंगीवरही पाय न देणाऱ्या.

“अक्का, ह्याच्यासंगं बोलत ऱ्हावा. पट्ट्याला हात लावायचा न्हाई. कळलं?”

“व्हय,” अक्का म्हणाल्या. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

आत मी आजोबांच्या गालाच्या आत साखर चोळली, कुशीवर वळवलं, ते डोळे उघडेपर्यंत थांबलो. बाहेर आलो तेव्हा साळुंखे शांत पडला होता. अंगावर गळ्यापर्यंत गोधडी होती.

“झोपलाय बघा आता,” अक्का हळू आवाजात म्हणाल्या. “लय इवळत हुता. माय, सोड, माय, सोड, म्हणत हुता. मी वाईच ढिलं केलं. मग गार पडला अंगानं, म्हणून पांघरून घातलं.”

मी गोधडी काढली. रक्तानं खालची फरशी दिसत नव्हती.

पट्टा पुन्हा पिळला. बोट आली. काठावर ॲम्ब्युलन्स उभी होती, डॉक्टर होते. सांगलीच्या अलीकडेच साळुंखे गेला.

संध्याकाळी सुभेदारसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

“पट्टा कसा सुटला?”

मी सांगितलं.

“कॅप्टनसाहेबांना मी सांगतो. त्या बाईला काही बोलू नकोस. तिनं माया केली.”

मला तेव्हा अक्कांचा राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. खूप राग आला होता. पण हुकूम होता, आणि खरं सांगायचं तर तोंड उघडायची ताकदही नव्हती.

रिटायर झालो आणि कुपवाडला एका कारखान्यात सेफ्टीचं काम धरलं. मशिनवर हात गेला, बोट गेलं, हे तिथं अधूनमधून होतंच. सुट्टीच्या दिवशी गावोगाव प्रथमोपचार शिकवतो. आपल्या भागात माणूस पडला की पहिल्यांदा त्याच्या तोंडात पाणी ओततात, मग मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये दाबून बसवतात आणि मोडक्या मानेनं दवाखान्यात नेतात. हेतू चांगला असतो, म्हणून तर बोलायची चोरी. रक्तवाहिनी मात्र शेतकऱ्याला पटकन समजते. मेन पाइप फुटला तर वरचा कॉक बंद करायचा. दाबून रक्त थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टा बांधायचा, पिळायचा आणि डॉक्टर येईपर्यंत सैल करायचा नाही. पेशंट हातापाया पडला तरी नाही. सैल केला की थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं.

गेल्या वर्षी अक्कांच्या गावच्या सरपंचांचा फोन आला. आमच्या गावातही वर्ग घ्या म्हणाले. मी दोन वेळा टाळलं. अक्का दरवर्षी साळुंखेच्या नावानं गावात जेवण घालतात, हे मला माहीत होतं. त्याच्या आईला त्यांनी फोनवर सांगितलं होतं, शेवटी मी पट्टा ढिला केला, पोराला आराम पडला. गावालाही तेच सांगत. त्याच गावात उभं राहून ‘पट्टा सैल करायचा नाही’ हे वाक्य कसं बोलायचं? आणि ते गाळलं तर मी शिकवायचं तरी काय?

बायकोला विचारलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

“तिचं मन राखशिला. आन उद्या त्याच गावात उसात कुणाचा पाय तुटला तर?”

मी गेलो. मारुतीच्या देवळापुढे मंडप होता. अक्का बायकांत पुढेच बसल्या होत्या, मला बघून हसल्या. जखमेवरची हळदीची चिमूट, मोडलेलं हाड, साप, सगळं झालं. मग पट्टा हातात घेतला. ते वाक्य पूर्ण बोललो.

मंडपात चुळबुळ झाली. सगळ्या गावाला गोष्ट पाठ होती. अक्का उभ्या राहिल्या.

“हवालदार, मग मी त्या पोराचा सोडला तवा?”

“अक्का, न्हाई सोडला असता तर तो जगलाच असता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत न्हाई. पर सोडायला नको हुता.”

“तुमाला तवाच म्हाईत हुतं?”

“व्हय.”

त्या खाली बसल्या. मला वाटलं, उठून घरी जातील. पण त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे हात केला.

“द्या हिकडं. कसं बांधायचं दावा.”

दादासोंना पुढे बसवलं. अक्कांनी त्यांच्या मांडीला पट्टा बांधला, दांडी पिळली. मी पायाची नाडी बघत होतो.

“आगं, लय दुखतंय,” दादासो म्हणाले.

“दुखू द्या.”

नाडी थांबली. मी म्हणालो, “बरोबर. आता काढा.” अक्कांचा हात दांडीवरून हलेना. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. शेवटी पट्टा मीच काढला.

निघताना त्या मोटारीपर्यंत आल्या.

“त्याच्या आईला मी आराम पडला म्हणून सांगितलंय.”

“पडला हुता, अक्का. ते खोटं न्हाई.”

“व्हय. पर त्या आरामानंच गेला.”

मी त्यांच्या पाया पडलो आणि निघालो.

आता त्या गावात आणि आजूबाजूच्या वाड्यांवर पट्ट्याचा भाग अक्काच शिकवतात. मी मागे बसतो. त्यांच्या वर्गाची सुरुवात दर वेळी सारखीच असते. त्या पट्टा हातात धरतात, समोरच्या बायका गप्प होईपर्यंत थांबतात आणि सांगतात, “नाईक महेश साळुंखे. विट्याचा. आमच्या गावासाठी पाण्यात उतरला हुता. त्याचा पट्टा मी सोडला. तुमी सोडू नगासा.”