आयर्लंडची लांबची बहीण

हॅनोव्हरला आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त जर्मन गृहस्थ राहतात. त्यांची आजी आयर्लंडची. तिकडच्या चर्चच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या जुन्या वह्या इंटरनेटवर आल्या की ते जिन्यात मला थांबवून सांगतात, "आल्झो, म्हणजे तर मग, अजून एक गाव आलं!" अशाच नोंदींवरून त्यांना तिथं एक लांबची बहीण सापडली. दोन वर्षं दोघांचा पत्रव्यवहार चालला. मग नव्यानं आलेल्या एका वहीत दिसलं, की त्या बहिणीच्या घराण्यातली ज्या मुलीला ते आपली आजी समजत होते, ती लहानपणीच वारली होती. म्हणजे यांची आजी दुसरीच कुणीतरी.

मी म्हटलं, "बहिणीला कशाला कळवताय?"

"तिनं वंशावळीत माझं नाव घातलंय. ते खोटं आहे," ते म्हणाले, आणि त्याच दुपारी त्यांनी पत्र टाकलं.

आठवड्याभरानं तिचं उत्तर आलं, "नाव खोडलं. नाताळला मात्र ये."