किमान शंभर टक्के

“हे ऐका,” म्हणून सुलभाताईंनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि बोट वर करून उभ्या राहिल्या. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईंसमोर माणूस आपोआप ताठ बसतो. मीही बसलो.

हेडफोनमध्ये त्यांचाच आवाज होता. स्वच्छ, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. पण त्याच्या मागे एक अखंड घरघर होती. शेजारच्या खोलीत पिठाची गिरणी चालू असावी तशी.

“आता हेच दुप्पट वेगानं ऐका.”

दुप्पट वेगात सुलभाताई नाहीशा झाल्या. गिरणी तेवढी उरली.

दुप्पट वेगाचं कारण म्हणजे देवासची वंदना. तिला जन्मापासून दिसत नाही. एका बँकेत टेलिफोनवर नोकरी करते आणि बाहेरून मराठीचं एम.ए. करते. ज्यांचा सगळा अभ्यास कानांनी होतो ते आपल्यासारखे रमतगमत ऐकत नाहीत. दुप्पट, कधी अडीचपट वेगानं ऐकतात, म्हणजे आपण वाचतो त्या वेगाला गाठता येतं. तिला भाषाशास्त्राचं एक पुस्तक नेमलेलं होतं आणि ते ऐकण्याच्या रूपात कुठेच मिळत नव्हतं. म्हणून सुलभाताई ते आमच्या मराठी मंडळाच्या स्टुडिओत वाचून रेकॉर्ड करत होत्या. अकरा धडे. आठ झाले होते आणि आठही धड्यांत गिरणी होती. स आणि श यांतला फरक समजावणाऱ्या धड्यात तर स आणि श दोन्ही दळले गेले होते.

पेपर पुढच्या सोमवारी होता. आज शनिवार, म्हणजे हातात नऊच दिवस. वंदनानं मोठ्या मिनतवारीनं रजा मिळवली होती, आणि आदल्या दिवशी फोन करून ती सुलभाताईंना म्हणाली होती की हा पेपर सोडते, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी रजा मिळेलच असं नव्हतं. सुलभाताईंनी ते माझ्याजवळ शांतपणे सांगितलं आणि मग विचारलं, “होईल का काही?”

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अशा वेळी “बघतो” म्हणायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. मी बघतो म्हणालो.

स्टुडिओचं उद्घाटन हिवाळ्यात झालं होतं. दारावर संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर सात नावं आहेत आणि त्या सातांपैकी एकानंही आत बसून एक ओळ वाचलेली नाही. कॉम्प्युटरचा कॅबिनेट अध्यक्ष अण्णासाहेबांनी स्वतः पसंत केलेला. त्याची एक बाजू काचेची, आणि आत निळे, गुलाबी, हिरवे दिवे आळीपाळीनं लागतात. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी केलेल्या खोलीत इतके दिवे मी पहिल्यांदाच पाहिले.

घरघर अर्थात त्या कॅबिनेटमधल्या पंख्याची होती. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो काम करताना तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर एक पंखा बसवलेला असतो. प्रोसेसर जितका तापेल तितका पंखा जोरात फिरतो. रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीचं दार-खिडकी बंद. छताचा पंखाही बंद, कारण त्याचा आवाज माइकमध्ये येतो. मे महिन्यातलं उज्जैन आणि दुपारी बाराची वेळ. तेव्हाच रस्त्यावरच्या ई-रिक्षा जरा झोपतात. थोडक्यात, खोलीत पंखा एकालाच मिळत होता आणि तो सुलभाताईंना नव्हता.

बाकीचे उपाय त्यांचे करून झाले होते. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहिलं, तर मधेच कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण वाजलं. सॉफ्टवेअरनं आवाज पुसायचा प्रयत्न केला, तर घरघरीबरोबर सगळे स, श आणि फ पुसले गेले. कॅबिनेट खोलीबाहेर ठेवावा, तर माइकची वायर तेवढी लांब नाही. लांब वायरनं मधेच करकर येत होती.

शनिवारी मी ब्लोअरनं धूळ काढली. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट खरवडून नवी लावली. ही पेस्ट उष्णता प्रोसेसरकडून वरच्या धातूकडे पोचवते. वाळली की पोचवत नाही. काम झाल्यावर वीस मिनिटं शांतता होती. सुलभाताईंनी चहा मागवला. चहा येईपर्यंत गिरणी परत सुरू झाली.

रविवारी मी दुकानातून मोठा पंखा नेला. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा देतो, त्यामुळे आवाज कमी येतो. आवाज कमी झाला नाही. फक्त सूर खाली आला. आधी गिरणी होती, आता पाण्याचा पंप झाला.

त्याच वेळी अण्णासाहेब आले. त्यांच्या घराण्यातले कोणी दरबारात दफ्तरी होते, आणि अण्णासाहेब अजून दरबारातून नुकतेच उठून आल्यासारखे बोलतात. त्यांनी पाच मिनिटं पंखा ऐकला. मग भिंतींना फोम लावावा, प्रोसेसर थंड करायला पाण्याच्या नळ्यांची यंत्रणा बसवावी, आणि झाल्यावर एक छोटासा लोकार्पण समारंभ ठेवावा, असं सुचवलं. समारंभाची तारीख त्यांच्या मनात होती. ती पेपरनंतर बारा दिवसांनी येत होती.

“अण्णासाहेब, पेपर पुढच्या सोमवारी आहे,” सुलभाताई म्हणाल्या.

“अहो ताई, काम कायमस्वरूपी व्हायला पाहिजे. एक पेपर काय घेऊन बसलात?”

सुलभाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मी उगाचच स्क्रू मोजायला लागलो.

सोमवारी मी ते केलं जे शनिवारी करायला हवं होतं. स्क्रू ड्रायव्हर खिशातच ठेवला आणि खुर्चीत बसून प्रोसेसर काय करतोय ते पाहिलं. एकही प्रोग्राम उघडा नव्हता. कॉम्प्युटरला काडीचं काम नव्हतं. तरी प्रोसेसर पूर्ण वेगानं धावत होता आणि तापमान पंचाहत्तरच्या वर होतं. बिचाऱ्या पंख्याचा काही दोष नव्हता. तो आपलं काम करत होता. दोन दिवस मी चुकीच्या माणसाची चौकशी करत होतो.

रिकामा प्रोसेसर एवढा का धावतो, हे बहुतेक वेळा पॉवर सेटिंगमध्ये सापडतं. मी ते उघडलं आणि अडखळलो. सगळं मराठीत होतं. मराठी संस्थेचा संगणक मराठीच बोलला पाहिजे, असा ठराव उद्घाटनाच्या वेळी एकमतानं झाला होता. हे सेटिंग मी हजारदा बदललं असेल, पण इंग्रजीत. इथे मला स्वतःच्या मातृभाषेत पाट्या वाचत, नव्या गावात पत्ता शोधावा तसं जावं लागलं. शेवटी दोन ओळी सापडल्या.

किमान प्रोसेसर स्थिती: १०० टक्के.
कमाल प्रोसेसर स्थिती: १०० टक्के.

किमान म्हणजे कमीत कमी. इथे साधारण पाच टक्के असतं. म्हणजे काम नसेल तेव्हा प्रोसेसरनं पाच टक्क्यांपर्यंत खाली यावं, विसावा घ्यावा. ते शंभर केलं की गॅस कायम फुल. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी फुल. आणि हा आकडा आपोआप बदलत नाही. कुणीतरी हातानं लिहावा लागतो.

या सेटिंगला हात कुणी लावला होता, असं मी विचारलं. जरा जोरातच विचारलं असावं, कारण दारात उभे असलेले आमचे सचिव मिलिंद भैया लगेच म्हणाले की कोणीच नाही. मिलिंद भैया पन्नाशीचे, अत्यंत कामसू. मंडळाच्या खुर्च्यांपासून गणपतीपर्यंत सगळं तेच उचलतात. शिक्षण हिंदी माध्यमात. घरी मराठी, बाकी जग हिंदी. मी खुर्चीवरून उठलो, त्यांना बसवलं आणि म्हटलं, भैया, रागावत नाही, पण हे असं का केलं असेल एखाद्यानं, एवढंच सांगा.

त्यांनी पडद्यावरच्या त्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

“अहो, फाइल खुलायला फार वेळ लागत होता ना. तर मी यूट्यूबवर बघितलं. तो म्हणाला, मॅक्झिमम को सौ कर दो, मशीन दौडेगी. इथे आलो तर मॅक्झिमम कुठे लिहिलेलंच नाही. अधिकतम पण नाही. दोनच गोष्टी. एक कमाल आणि एक किमान.”

“मग?”

“मग कमाल तर काही माप नाही झालं. कमाल म्हणजे... वा, कमाल आहे. ती तर तारीफ झाली. मला वाटलं तो काही शोभेचा मोड असेल, त्या दिव्यांसारखा. तो आधीच सौ होता. त्याला छेडलं नाही. तर मॅक्झिमम म्हणजे किमानच असणार ना?”

सुलभाताई खुर्चीत मागे रेलल्या आणि डोळे पुसेपर्यंत हसल्या. आठवड्याभरात पहिल्यांदाच हसत असाव्यात. मलाही मिलिंद भैयांची काही चूक दिसेना. आमच्या उज्जैनच्या मराठीत कमाल होते, कमाल करतात, कमाल की गोष्ट असते. जास्तीत जास्त किती, हे सांगायला हा शब्द इथे कुणीच वापरत नाही. हवामानाच्या बातमीत तापमान ‘अधिकतम’ असतं. ‘किमान’ तर भैयांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. माझ्या वडिलांकडे टपालानं शिळा मराठी पेपर येत असे म्हणून मला तो माहीत, नाहीतर मीही कदाचित हेच केलं असतं. ज्यांनी ठराव केला त्यांच्यापैकी किती जणांना माहीत होता, हे मी विचारलं नाही.

मी किमानचे पाच केले. पंखा हळूहळू बसत गेला. पण रेकॉर्डिंग सुरू केलं की मधूनमधून हुंकार द्यायचा. त्याचं कारण टर्बो. काम आलं की प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्याही वर उडी मारतो आणि त्या उडीतच सगळ्यात जास्त तापतो. कमालच्या समोर शंभरऐवजी नव्याण्णव लिहिलं की बहुतेक मशीनवर ही उडी बंद होते. एक टक्का कमी केल्यानं एवढा फरक का पडतो, याचं गणित शाळेतल्या गणितासारखं नाही. पण पडतो. तापमान पंचेचाळीसवर आलं. पंखा फिरतोय की नाही हे पाहायला मिलिंद भैयांना काचेला नाक लावावं लागलं.

तोटा एकच. रेकॉर्ड झालेली फाइल तयार व्हायला आता दोनच्या ऐवजी तीन मिनिटं लागणार होती. मी तसं सांगितलं. सुलभाताई म्हणाल्या की एका मिनिटात पाणी पिऊन होईल.

संध्याकाळी अण्णासाहेबांचा फोन आला.

“म्हणजे नवीन काहीच बसवलं नाही?”

“नाही. दोन आकडे बदलले.”

“मग लोकार्पण कशाचं करायचं?”



मंगळवारपासून सुलभाताईंनी अकराही धडे पहिल्यापासून वाचले. रोज तीन तास, बंद खोलीत, मांडीवर ओला रुमाल घेऊन. दाराबाहेर मिलिंद भैया खुर्ची टाकून बसत आणि जिन्यावर चप्पल वाजवणाऱ्याला हातानंच थांबवत. झालेला धडा त्याच दुपारी देवासला जाई. शुक्रवारी घसा बसला तेव्हा दोन पानं उरली होती. ती त्यांनी गरम पाणी पीत पीत वाचली.

वंदनानं पेपर दिला. निकाल यायचा आहे. तिनं सुलभाताईंना फोन केला तेव्हा मी स्टुडिओतच होतो. पेपर बरा गेला म्हणाली, आणि पुढच्या पुस्तकासाठी एक सूचना केली. आता पंखा नाही, त्यामुळे पान उलटल्याचा आवाज ऐकू येतो. तो काढू नका. पुस्तकात आपण कुठवर आलो ते त्यावरून कळतं.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. बिघडलेलं मशीन समोर आलं की आधी झाकण उघडायचं नाही. ज्यानं शेवटचा हात लावला त्याला खुर्ची द्यायची, चहा द्यायचा आणि आवाज न चढवता विचारायचं. माणसं काय बिघडलं ते लगेच सांगतात. काय सुधारायला गेलो होतो, ते मात्र चहा अर्धा झाल्यावर सांगतात.