पानांवरची हळद

जुन्या पोथ्यांचे फोटो काढणं हे माझं काम. एकदा एक वृद्ध गृहस्थ घरातली हस्तलिखित पोथी घेऊन आले. अक्षरं अजून काळीभोर होती, पण पानोपानी कोपऱ्यात हळदीची बोटं उमटलेली. मी संगणकावर ते डाग पुसले आणि स्वच्छ पानं कौतुकानं त्यांना दाखवली.

"आमच्या हिची बोटं होती ती. पौषात गेली," ते म्हणाले.

मी ओशाळून मूळ फोटो उघडला. देवाच्या शब्दांसाठी मी माणूस पुसून टाकलं होतं. ते पडद्यावरच्या पिवळ्या ठशाकडे बघत राहिले.

"स्वयंपाकातून उठून तशीच वाचायला बसायची. मी रोज ओरडायचो, हात धुऊन बस म्हणून. शेवटी तिनं वाचायचंच सोडलं."